संताचा लाल झगा

चर्चच्या फरशीवर कारागीर पालथा पडला होता आणि खिडकीतल्या संताच्या झग्याचा लाल उजेड त्याच्या पाठीवर आला होता. त्या लालात एक हिरवा ठिपका होता. इन्स्पेक्टरांनी तो वहीत टिपला. तीन महिन्यांपूर्वी बायकोला स्मशानात पोचवून आल्यापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. टिपून घेणं तेवढं जमत होतं.

"पाय घसरला असणार," मयताचा थोरला भाऊ म्हणाला. दोघं मिळून काचकाम करत. "मी तीनला निघालो तेव्हा झग्याचे पाच तुकडे बसवायचे राहिले होते. म्हणाला, दादा, तू हो पुढे."

"तीननंतर तुम्ही कुठे होतात?"

"घरी. याच्या बायकोसमोर चहा पीत होतो. विचारा तिला."

फादरांनी दोनला झग्यात पाच भोकं पाहिली होती. पाचला आले तेव्हा खिडकी पुरी होती आणि खाली प्रेत.

"झगा सगळा लाल हवा ना, फादर?"

"सगळा. धर्मासाठी रक्त सांडलं त्याने. हिरवी फक्त शेजारच्या खिडकीतली पानं."

इन्स्पेक्टर परांचीवर चढले. फळीवर एक लाल तुकडा उरला होता.

भावांच्या कारखान्यात प्रत्येक काचेवर रंगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी होती.

"अक्षर कोणाचं?"

"यांचं. भाऊजींसाठी." मयताची बायको भिंतीकडे बघत बोलत होती. "भाऊजींचे शर्टसुद्धा हेच निवडायचे. पुढच्या महिन्यात आम्ही वेगळं काम थाटणार होतो. तेव्हापासून भाऊजी जेवले नाहीत नीट."

संध्याकाळी इन्स्पेक्टरांनी थोरल्याला खिडकीखाली उभं केलं.

"दोननंतर तुम्ही त्याला ढकललंत. मग तो तीननंतरही जिवंत होता असं दिसावं, म्हणून ते पाच तुकडे स्वतः बसवलेत आणि चहाला गेलात. पण बसवण्याआधी काचा पुसतात, चिठ्ठ्या निघतात. त्यात शेजारच्या खिडकीची एक हिरवी काच होती. भावाने ती झग्यात कधीच लावली नसती. तुम्हाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही."

थोरला फरशीवर बसला. "तो वेगळा झाला असता, तर आठ दिवसांत सगळ्यांना कळलं असतं. तीस वर्षं काचेत गेली, साहेब. मग मला काचेला हात कोण लावू देणार होतं?"

तो वर झग्याच्या तुकड्यांकडे बघू लागला.

"यातली कुठली रे?" त्याने सवयीने शेजारी वळून विचारलं. शेजारी कोणी नव्हतं.

इन्स्पेक्टरांनी वही मिटली. बेडी खिशातच ठेवून त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याचं बोट त्या हिरव्या तुकड्याकडे नेलं.