थाळीतला पॅसिफिक

देवाशपथ सांगते पोरींनो, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं असेल तर माझी कवळी आत्ताच्या आत्ता गळून पडो. आणि हसू नका, ती तशीही सैलच आहे.

रेवती दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात जपानी दुभाषी होती. जपानी साहेब भडकले की ती हिंदीत गोड करून सांगायची, कामगार भडकले की जपानीत. एका रविवारी ती दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात जेवायला गेली. कँटीनमध्ये ही गर्दी! शेवटी एका अनोळखी माणसासमोर बसावं लागलं. आणि तो माणूस काय करत होता? थाळीत पाणी ओतून त्यात कोकम सरबताचे थेंब सोडत होता!

"ते पितात," रेवती म्हणाली.

तो दचकला. "सॉरी... उद्या ऑफिसात शाळेची मुलं येणार आहेत. अणुभट्टीला अपघात झाला की किरणोत्सारी पाणी समुद्रात कसं पसरतं, ते दाखवायचंय."

हा सुधन्वा. दिल्लीत जन्मलेला, दिल्लीतच वाढलेला. सरकारी नोकरीत कॉम्प्युटरवर समुद्राचे प्रवाह मांडायचा.

"पण हे तर नुसतं गोल पसरतंय," रेवतीनं मान वाकडी केली. "समुद्र असा गप्प बसतो होय?" आणि तिनं आपल्या ग्लासातली स्ट्रॉ उचलून थाळीच्या काठावरून हलकेच फुंकर घातली. लाल रेघ लांबली, वळली, तिचे भोवरे झाले...

सुधन्वा आता थाळीकडे बघतच नव्हता.

"अरे यार... बिल्कुल असंच! जपानजवळून एक मोठा उबदार प्रवाह पूर्वेला धावतो. पाण्यात विरघळलेलं किरणोत्सारी सीझियम त्याच्याबरोबर निघतं. भोवऱ्यात फिरतं, पातळ होत जातं. फुकुशिमाच्या अपघातातलं अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोचायला काही वर्षं गेली. तोवर ते इतकं विरळ झालं होतं, की शोधायला नाजूक यंत्रं लागली."

"म्हणजे संपलं?"

"नाही ना." त्यानं थाळी तिरकी केली. तळाशी कोकमाचा बारीक गाळ बसला होता. "थोडं किनाऱ्यालगतच्या चिखलात बसतं. तळाशी चरणाऱ्या माशांत ते जास्त दिवस सापडलं. आयोडीन काही आठवड्यांत विझतं, पण एका प्रकारचं सीझियम तर अर्धं व्हायलाच तीस वर्षं लागतात."

रेवती बघत राहिली. ना घाबरवत होता, ना गोड करून सांगत होता. जे आहे ते, जेवढं आहे तेवढं!

"तुम्ही समुद्रात पोहता का?"

त्याचे कान लाल झाले. "मी समुद्र... अजून बघितलेलाच नाही."

रेवती इतकी हसली, की वाढणारा पाणी घेऊन धावत आला.

मग पुढचे तीन रविवार तेच टेबल. तिसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि रेवतीनं मनातलं सांगितलं. कंपनी तिला दोन वर्षांसाठी जपानला पाठवत होती, नेमकं त्याच किनाऱ्यावरच्या एका गावी. आई म्हणाली होती, त्या विषारी पाण्याकाठी पाय ठेवलास तर माझं तोंड बघू नकोस. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"तू आईला समजावशील?"

सुधन्वाचा घास हातातच राहिला. नीट समजावलं तर ही जाणार. आणि नुसतं 'रिस्क आहे' म्हटलं तर...? रेवतीलाही ते कळत होतं. वाईट म्हणजे, तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला वाटत होतं, म्हणू दे की!

त्याच संध्याकाळी गाझियाबादच्या घरी प्रमोदिनीबाईंनी, म्हणजे रेवतीच्या आईनं, त्याला समोर बसवलं. बाई वेंगुर्ल्याच्या, लाटांशी भांडत वाढलेल्या.

"समुद्र बघितलायस?"

"नाही, काकू."

"अरे देवा! आणि मला समुद्र शिकवायला आलास?"

"शिकवा तुम्ही. मी फक्त आकडे आणलेत." त्यानं कागद पसरले. "ही ज्या गावी जाणार तिथलं पाणी, तिथले मासे, सगळं मोजतात. मी स्वतः तपासलंय. राहायला हरकत नाही."

"शंभर टक्के?"

"शंभर टक्के मी कशाचंच सांगत नाही. गाळावर अजून अभ्यास चालू आहे. पण भीतीपोटी हिला अडवावं, असं हे आकडे म्हणत नाहीत."

"तुझ्या घरची मुलगी असती तर?"

कुकरची शिट्टी झाली. रेवतीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. एक वाकडा शब्द... फक्त एक!

"पाठवली असती," तो हळूच म्हणाला. "आणि दोन वर्षं धड जेवलो नसतो."

प्रमोदिनीबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग लेकीकडे. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चहात साखर किती घेतोस रे?" त्या म्हणाल्या.

खाली गेटपाशी ई-रिक्षा आली. सुधन्वा तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "रेवती, तुझ्या पायांना लागलेलं पाणी फिरत फिरत एक दिवस आपल्या किनाऱ्याला येईल. मी तिथं उभा असेन. कितीही वर्षं लागू देत!"

काय बोलला ना?

...बरं बरं, कवळीकडे बघू नका, सांगते. हे शेवटचं भाषण माझं. तो काही बोललाच नाही, गपचूप रिक्षात जाऊन बसला. रेवतीनंच दांडा धरून रिक्षा अडवली. "भैया, रुकिए. इन्हें मुझसे कुछ कहना है."

"काय?" हा वेंधळा विचारतो!

"ते मी सांगू? बोल ना..."

रिक्षावाला थांबला, मागची गाडी हॉर्न मारून मारून थकली. तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघालं, "आठवण येईल."

बस, दोन शब्द. तेवढ्यावर त्या पोरीनं दोन वर्षं काढली.