जळकोटचा रेडिओग्राम

जळकोटला मी एक कपाट आणायला गेले होते. दुसरं काही काम नव्हतं.

कपाट म्हणजे रेडिओग्राम. आता तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. बैठकीत ठेवायचं लांबट शिसवी कपाट, चार निमुळते पाय. वरचं झाकण उचललं की आत तबकडी फिरवायचं यंत्र, शेजारी रेडिओ, आणि दोन्ही अंगांना जाळीच्या कापडाआड स्पीकर. एके काळी लातूर-उदगीरकडचे व्यापारी तो पाहुण्यांच्या नजरेत भरेल असा ठेवायचे. पुढं त्याच्यावर टीव्ही आला आणि त्याच्या आत चादरी गेल्या. मी असे टाकून दिलेले रेडिओग्राम शोधते, दुरुस्त करते आणि जमेल तोवर विकत नाही. लातूरच्या आमच्या घरात तेव्हा तीन होते. मन्मथकाका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, शेजारीच राहतात. ते येताजाता म्हणायचे, "लोकं पोरीच्या लग्नात फर्निचर देतेत. हिनं आधीच गोळा करून ठिवलं. आता नवरा तेवढा बघायचा राहिला."

मी उत्तर देत नसे. दिलं असतं तर ते बसले असते.

जळकोटचं घर भुसार दुकानाच्या मागं होतं. तुरीचा आणि गोणपाटाचा वास थेट बैठकीपर्यंत आलेला. महानंदाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई एकट्याच राहत होत्या. रेडिओग्राम भिंतीशी उभा होता, तोंड भिंतीकडं करून. मी भाव विचारला तर त्यांनी हातानंच 'ने' म्हटलं.

"घरात कोण कोण हाय?"

"मी आणि अप्पा. माझे वडील."

"ते टेकून बसतेत का?"

"सगळेच टेकून बसतात, काकू."

"ह्याला टेकून बसू दिऊ नको."

"का?"

"आमच्यात कुणी बसत न्हाई."

मला या पिढीचा राग येतो तो इथं. नियम सांगायचा आणि कारण गिळून टाकायचं. मी टेम्पोवाल्याला आवाज दिला.

आता अप्पांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. माझ्या अप्पांचं, मल्लेशप्पांचं, हृदय थकलं होतं. आडवं झालं की फुफ्फुसात पाणी चढायचं आणि ते बुडणाऱ्या माणसासारखे हातपाय मारायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना सपाट झोपू द्यायचं नाही. बसून झोपले तर आहेत, नाहीतर नाहीत." दोन वर्षं अप्पा लोडाला टेकून, बसल्या बसल्याच झोपत होते. झोपेत खाली घसरले की हाक यायची, "सुक्के, उठवून बसव." मी काखेत हात घालून त्यांना वर ओढायची. आई नाही, भावंडं नाहीत. मी आणि ते.

रेडिओग्राम घरी आणून मी उघडला. कंडेन्सर फुगलेले होते, ते बदलले. व्हॉल्व्ह शाबूत. डाव्या स्पीकरवरचं कापड खालच्या बाजूला फाटलं होतं, चिंध्या झाल्या होत्या. उंदीर, मी म्हटलं. कापड जुनंच ठेवलं, कारण मूळ कापड बदललं की वस्तू अर्धी मेली असं मी मानते. यंत्र तापल्यावर आतून वास आला. जुन्या लाकडाचा, आणि त्याच्या मागं विभूतीचा, शिळ्या झेंडूचा.

सनईची तबकडी लावली. सूर छान उठला, पण खाली घरघर होती. जुन्या यंत्रात घरघर असतेच, विजेची असते. पण ती एकसारखी असते. ही थांबत होती. थांबायची... मग पुन्हा यायची. जणू सनईच्या मागं कुणी दम खात होतं. मी तबकडी काढली आणि आवाज पूर्ण वाढवून कान लावला. काही नाही. पुन्हा सनई लावली. पुन्हा ती आली. विजेच्या घरघरीला गाणं चालू आहे की बंद, याच्याशी देणंघेणं नसतं. हे मला इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

अप्पा त्याला टेकून बसू लागले. मी बसू दिलं. म्हातारीच्या शब्दावर मी आजारी माणसाचा आराम काढून घेणार नव्हते. "पाठीला लई बरं वाटून राहिलं," ते म्हणाले, आणि खरंच त्यांना झोप लागू लागली. मी संध्याकाळी सनई लावायची, ते डोळे मिटून बसायचे.

पण ते घसरू लागले. आधी झोपेत घसरायचे, आता जागेपणी. आणि हाक मारेनात. मी चहा घेऊन यावं तर ते कमरेपासून सरकलेले, मान कपाटाच्या पायाशी, ओठ निळसर, आणि चेहऱ्यावर त्रास नाही.

"अप्पा, हाक का नाही मारली?"

"सुक्के... त्याला आडवं होऊ दे की थोडं."

"कुणाला?"

"मागं बसलाय त्याला. लई वर्षं झाली म्हणतोय बसून."

मी त्यांना उशांत नीट बसवलं. मग सनई लावली आणि फाटक्या कापडाला कान टेकला. सूर वर चढला, आणि त्याच्या खाली, अगदी कानाशी, कोरड्या तोंडातून निघावं तसं ऐकू आलं.

"आडवं करा... मला आडवं करा..."

मी सुई उचलली. खोली गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी काकांना अप्पांपाशी बसवून मी जळकोट गाठलं. महानंदाबाई तूर निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"कोण बसलंय त्याच्यात?" मी विचारलं.

"त्याच्यात न्हाई. त्याला टेकून." त्यांनी पदराला हात पुसले. "आमचे मालक. भुजंगप्पा. तू आपल्यातलीच ना? मग तुला सांगाय नको."

सांगायला नको होतं. आमच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, विभूती लावतात, हार घालतात, आणि बसलेलाच समाधीत ठेवतात. पण बसवायची घाई करावी लागते. अंग ताठलं की मांडी घालता येत नाही.

"बैठकीत टेकवाय दुसरं काही न्हवतं," त्या म्हणाल्या. "हे कपाट जड, हलत न्हाई. त्यालाच कापडानं बांधून बसविले. मोठी माणसं घाई करून राहिली होती. अंग ऊन होतं. मी म्हणले, ऊन हाय... तर म्हणले, आत्ताच गेले तर ऊनच असणार. मग भजन चालू झालं. टाळ, पखवाज. ओठ हलल्यागत वाटलं मला. पण समईचा उजेड हलत होता."

"मग?"

"सकाळी उचलाय गेले तर हात मागं गेलेले. बोटं कपाटाच्या जाळीच्या कापडात अडकली होती. सोडवाय लागली."

मी उठले. दारात पोचल्यावर त्या मागून म्हणाल्या, "मला कुणी ऐकलं न्हाई, बाई. मी तवा तुझ्याएवढीच होते."

त्याच संध्याकाळी मी माणसं बोलावून रेडिओग्राम घराबाहेर काढला आणि गावाबाहेरच्या माझ्या शेडमध्ये नेऊन ठेवला. काका बघत उभे होते. "आणाय भाडं, न्यायला भाडं," ते म्हणाले. अप्पा लोडाला टेकून होते. ते मोकळ्या झालेल्या जागेकडं बघत होते.

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी, लाईट गेलेली असताना, मी औषधं आणायला गेले. परत आले तर अप्पा लोडाजवळ नव्हते. जिथं कपाट होतं तिथं, फरशीवर, सरळ उताणे पडले होते. हात अंगाशी, पाय जुळलेले. माझ्या अप्पांनी दोन वर्षांत पाठ जमिनीला लावली नव्हती.

गल्लीतले डॉक्टर धावत आले. त्यांनी छातीला तारा लावल्या. कागदावर सरळ रेघ आली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

काका तोवर माणसं घेऊन आले होते. "बसवा लवकर. अंग धरंल."

"अंग ऊन आहे, काका."

"आत्ताच गेला, तर ऊनच असणार."

तेच शब्द. मी अप्पांच्या पुढं उभी राहिले. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही तीच रेघ काढली. मग मी बाजूला सरले. अप्पांना मांडी घालून भिंतीला टेकवलं, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, कापडानं बांधलं. देगलूरहून आत्या यायच्या होत्या, म्हणून समाधी सकाळी ठरली. दिवेलागणीला भजन सुरू झालं.

मी अप्पांच्या गुडघ्याशी बसले होते. टाळांचा आवाज चढला. आणि त्याच्या खाली... अप्पांच्या तोंडाजवळून...

"आडवं करा..."

मी ओरडले, "थांबवा." टाळ थांबले. मी त्यांच्या छातीवर कान ठेवला. छाती दगडासारखी. नाकाशी आरसा धरला, स्वच्छ राहिला. काकांनी खूण केली, भजन पुन्हा सुरू झालं, आणि ते पुन्हा आलं. स्पष्ट. कोरडं. विनवणीचं.

"कुणालाच ऐकू येत नाही का?"

टाळ वाजतच राहिले. बायकांनी माझा हात धरला.

"यांना आडवं करा," मी म्हटलं.

"पोरी, आपल्यात असं करत न्हाईत."

"आपल्यात जिवंत माणूस बांधून भजन म्हणतात, ते चालतं?"

"सुकन्या." काका पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव घेऊन बोलले. "तो माझा भाऊ हाय. तू लई शिकली, कबूल. पण आज तरी..."

"मुलगी मी आहे. मी सांगते ते होईल. नाहीतर मी पोलिसांना बोलावते."

मी बोलावले असते, आणि हे त्यांना ठाऊक होतं. भजनाला आलेल्या मठाच्या स्वामींनी खाली बघून मान हलवली. मी स्वतः कापड सोडलं, अप्पांचे पाय सरळ केले, पाठ जमिनीला टेकवली. भजन पुन्हा सुरू झालं. सकाळपर्यंत त्याच्या खाली काही आलं नाही. एक शब्द नाही. मी रडले ती तेव्हा, सुटल्यासारखी.

समाधीसाठी चौकोनी खड्डा खणला होता, तो लांब करावा लागला. आमच्या स्मशानभूमीत आडवा ठेवलेला अप्पांशिवाय कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन रेडिओग्रामवर सनई लावली. झाकणापासून फाटक्या कापडापर्यंत सगळीकडं कान लावला. इतका स्वच्छ आवाज मी कुठल्याच जुन्या यंत्रातून ऐकलेला नाही. आतून फक्त लाकडाचा वास येत होता. तिथं आता कुणी नव्हतं. ज्याला आडवं व्हायचं होतं, तो झाला होता.

सुई उचलताना मला ते उमगलं. अप्पांनी दोन वर्षांत मला एकदाही आडवं कर म्हटलं नव्हतं. ते एकच मागायचे, उठवून बसव.

तिसऱ्या दिवशी काका आणि मी दूध घेऊन समाधीवर गेलो. पायांकडची माती खचली होती, ती खचतेच. पण डोक्याकडची माती वर आली होती. माणसाच्या खांद्यांएवढी रुंद, फुगलेली, मधोमध तडकलेली. काका बघत राहिले.

"कुत्र्यानं उकरलं असंल," ते म्हणाले.

उकरलेली माती बाजूला पडते. ही बाजूला पडलेली नव्हती. काकांनी वहाण काढली आणि अनवाणी पायानं माती दाबून सपाट केली, हळूहळू, थोपटल्यासारखी. त्यांचे ओठ हलत होते. 

काल मी एकटीच गेले. दाबलेली माती पुन्हा वर आली आहे, आधीपेक्षा ताठ. सगळीकडं कोरडं ठणठणीत ऊन आहे. फक्त त्या भेगेच्या कडा आतल्या अंगानं ओलसर आहेत, तोंडाजवळ धरलेली काच होते तशा.