नासपतीवरचं मोहोळ

घरी पोचले, तर माझ्या नासपतीवर एक माणूस चढलेला!

रात्रभर वृद्धाश्रमातल्या आज्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवून आले होते. चोराला हाकलायचंही त्राण नव्हतं.

“न्यायचं ते न्या,” मी म्हणाले, “फक्त आवाज करू नका.”

“माझंच आहे ते!” वरून उत्तर आलं. फांदीला मधमाश्यांचा भलामोठा घोस लोंबत होता. “सकाळी माझ्या पेटीतून मोहोळ उठलं... ओढ्यापलीकडून मागे धावतोय. मी गाश्पेर. क्रान्य शहराची बस चालवतो.”

“लोक बसमागे धावतात, तुम्ही माश्यांमागे?”

“आज सुट्टी आहे ना! तुम्ही येरित्सा — लोव्ह्रोकाकांची मुलगी?”

बाबांचं नाव निघालं आणि मी बाकावर बसलेच. अंगणाच्या कडेला त्यांचं मधमाश्यांचं लाकडी घर होतं. एकावर एक पेट्या, प्रत्येकीच्या दर्शनी फळीवर वेगळं चित्र. बाबा हिवाळ्यात गेले. मागोमाग माश्याही वारल्या. (आमच्याकडे माश्या मरत नाहीत, माणसांसारख्या वारतात.) उद्या सुतार येऊन ते घर उचकटून नेणार होता. मीच बोलावलं होतं. आणखी कुणाला जपायची ताकद उरली नव्हती.

गाश्पेरनं फांदी झटकली. घोस टोपलीत पडला, आणि पुन्हा उठला... आमच्या डोक्यांवरून गुणगुणत थेट बाबांच्या पेटीत! दाराशी रांगच लागली.

“राणी आत गेली,” तो हळूच म्हणाला.

“बाहेर काढा तिला. उद्या ते घर मोडायचंय.”

“काढतो की...” तो पेटीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

आमची जुनी वहिवाट आहे. आपल्या मोहोळामागे धावणाऱ्यानं कुणाच्याही अंगणात खुशाल शिरावं. पण पाठलाग सोडून तो बसला, की मोहोळ त्या अंगणाचं.

आणि तो बसला. माझ्या शेजारी, बाकावर!

“अहो, उठा! हे काय?”

“दमलो.”

“खोटारडे! मला नाही हो झेपायचं. मी खरंच फार...”

“माहितीय. रोज सकाळी काचेला डोकं टेकून झोपता. तुमचा थांबा आला की मी मुद्दाम कचकन ब्रेक मारतो.”

“तो — तो ब्रेक तुमचा? म्हणून आज मी पुढच्या गावात उतरले! उन्हातून चालत आले!”

तो इतका ओशाळला, की मला हसूच आलं.

“संध्याकाळी येऊन पेटी मी बघत जाईन,” तो म्हणाला. “तुम्ही फक्त सुताराला नको म्हणा.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. डोळेच मिटले...

जाग आली तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. सावली कधीच सरकली होती. तो नव्हता सरकला. त्याचा एक कान, अर्धी मान — लालबुंद.

“अहो, उठवायचं ना मला!”

“रोज उठवतोच की,” तो पुटपुटला. “आज नको वाटलं.”

मी सुताराला फोन करून सांगितलं, येऊ नका. मग उठले, आणि त्याच्या उन्हाच्या बाजूला जाऊन बसले.