चांदीखालचं नाव

रमजानचे दिवस होते. दुपारच्या नमाजानंतर कैरोतली तांबटांची गल्ली अशी निपचित पडायची की मांजराचं पाऊलही ऐकू यावं. नक्षीकार खलफ दुकानात एकटाच बसला होता. पुढ्यात हात धुण्याचं पितळी तस्त. त्याच्या काठावरच्या चौकटीत चांदीचा पत्रा बसवला होता आणि पत्र्यावर जुन्या सुलतानाचं नाव कोरलं होतं. ते काढून उद्यापर्यंत नव्याचं घालायचं होतं.

काम नेहमीचंच. तख्तावरचा माणूस बदलला की महालातली भांडी गल्लीत यायची. पण हे तस्त खलफच्या वडिलांनी घडवलेलं, त्यांच्या हातचं शेवटचं. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांचं अक्षर आता एवढंच उरलं होतं.

"तीन दिवस नुसते बघत बसलात," आतल्या दारातून त्याची बायको झुहूर म्हणाली. "भांडं काय बोलणार आहे तुमच्याशी?"

"कानस फिरवली की अब्बांचा हात पुसला जाईल गं."

"आणि नाही फिरवली तर तुमचा हात जाईल. महालाचा कारभार अमीर ऐदग्दीकडे आहे. तो काही मसूर निवडत बसलेला नाही!"

ती आत गेली. खलफने कानस बाजूला ठेवली. पत्रा अख्खा उचकटायचा आणि जपून ठेवायचा, असं त्याने ठरवलं. अब्बा पत्रा बसवण्याआधी तळहातात धरून ऊब द्यायचे. तोंडात सदा मस्तकीचा डिंक. "घाई चांदीला कळते रे," म्हणायचे.

त्याने सुरीचं टोक घालून पत्रा अलगद उचलला... आणि मस्तकीचा वास आला. ताज्या चघळलेल्या डिंकाचा. भर रोज्यात, जेव्हा अख्ख्या गल्लीत कुणाच्या तोंडात पाण्याचा थेंबही नव्हता.

पत्र्याखाली कोरं पितळ असायला हवं होतं. तिथे नाव कोरलेलं होतं. नव्या सुलतानाचं. शेपट्या लांब ओढलेलं अब्बांचं अक्षर. नवा सुलतान बारा वर्षांचा पोर. अब्बा गेले तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

त्याखाली सुईने ओरखडावी तशी आणखी एक ओळ होती, पुसट. खलफने ती वाचली. पुन्हा वाचली. मग खाचांत चांदीची तार ठोकली आणि उरलेल्या चौकटीत काळी राळ घाईघाईने भरली. ओळ झाकली गेली. पितळाला त्याला छिन्नी लावावीच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अमीर ऐदग्दी स्वतः आला. नावावरून अंगठा फिरवत म्हणाला, "वा उस्ताद! थेट वडिलांचं वळण."

"त्यांचंच आहे, हुजूर."

"सुलतान लहान आहेत. पुष्कळ वर्षं टिकायला हवं हे नाव." तो हसला. अंगठा काळ्या राळेवर येऊन थांबला. "इथे काही आहे का?"

"काही नाही... हुजूर."

तस्त गेलं. राळेखाली पुढचा सुलतान म्हणून कुणाचं नाव आहे, हे खलफ झुहूरलाही सांगणार नव्हता. ते नाव आत्ताच घोड्यावर बसून हसत गल्लीबाहेर गेलं होतं.

उचकटलेला पत्रा ठेवायला तो अब्बांच्या जुन्या बैठकीपाशी वाकला. वीस वर्षं तिथे कुणी बसलं नव्हतं. पत्रा ठेवता ठेवता त्याचा हात थांबला. पाटाखाली पितळेच्या किसाचा लहानसा ढीग होता. पिवळाधमक.

त्याने बोट लावलं. कीस अजून गरम होता.