एकटीचा डाव

फासा टेबलावरून घरंगळला, फरशीवर दोन उड्या मारून यास्नाच्या चिखलाने भरलेल्या बुटाला येऊन टेकला. ती उचलायला वाकणार, तेवढ्यात टेबलाखालून एक डोकं बाहेर आलं.

"हात लावू नका… प्लीज. आधी आकडा सांगा."

"सहा," ती म्हणाली.

"सहा…" त्या तरुणाने डोळे मिटून घेतले. "म्हणजे गेला पूल वाहून."

बाहेर कोयाइके गावच्या रस्त्यावर पावसात बर्फाचा भुगा मिसळून पडत होता, म्हणून यास्ना वाचनालयात शिरली होती. हीटरपाशी जरा हात शेकावेत आणि निघावं, एवढाच बेत. पण पूल गेला म्हणताना त्या माणसाचा चेहरा इतका खरोखरीचा पडला, की तिला राहवलं नाही.

"कुठला पूल?"

"माझ्या आणि माझ्या शेळीच्या मधला."

टेबलावर शेळीबिळी काही नव्हती. पत्त्यांचा एक जोड, पेन्सिलीने काढलेला नकाशा, आणखी एक फासा… आणि समोरची खुर्ची रिकामी.

"तुमच्याबरोबर खेळणारे कुठे गेले?"

"नाहीतच कुणी. हा एकट्यानेच खेळायचा खेळ आहे. हसा तुम्ही, सगळेच हसतात."

पण यास्ना हसली नाही. तिची नजर रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"एकट्याने… किती दिवस पुरतो हा?"

"हवे तितके."

"हिवाळाभर?"

आता त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या हिरव्या जाकिटावर वनखात्याचा बिल्ला होता, केसांत वितळणारं बर्फ. त्याने पायाने समोरची खुर्ची हळूच मागे सरकवली.

यास्ना ओयार्सूनला दोन आठवड्यांनी वाये ओंदोच्या चौकीवर जायचं होतं. दऱ्याखोऱ्यांत आत, वाट जिथे संपते तिथे लाकडाची एक खोली. बर्फ पडलं की वितळेपर्यंत तिथे एकच वनरक्षक असायचा. गेल्या हिवाळ्यातही तीच होती… आणि अर्ध्या हिवाळ्यातच, भर वादळात, चौकी उघडी टाकून ती खाली पळत आली होती. साहेबांनी आणखी एक संधी दिली होती. एकच.

यातलं काहीच तिने त्याला सांगितलं नाही.

त्याचं नाव डानिलो कार्कामो. मामाच्या औषधांच्या दुकानात तो गल्ल्यामागे उभा असायचा. दुपारी दुकान बंद असे, तेव्हा इथे येऊन बसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी यास्ना परत आली. तिसऱ्या दिवशीही.

"सुरुवात छोटी करायची," तो पत्ते पिसत म्हणाला. "राजे, लढाया, काही नको. एक माणूस, एक जागा, आणि त्याला काहीतरी हवं असतं. बस. तुझा माणूस कोण?" ते 'तुम्ही' मधेच कुठेतरी गळून पडलं होतं.

"नावाडीण," ती जरा विचार करून म्हणाली. "तिला तळ्यापलीकडे जायचंय."

"नाव काय तिचं?"

"नाव नको. नाव दिलं की जीव लागतो."

"लागू दे की…"

यास्नाने मान खाली घातली आणि फासा हातात घोळवत राहिली.

"आता पुढे काय होतं हे तुला सुचलं नाही, की फाशाला विचारायचं," तो घाईने म्हणाला. "हो किंवा नाही असं उत्तर येईल असाच प्रश्न. मोठा आकडा म्हणजे हो. लहान म्हणजे नाही."

"आणि मधला?"

"मधला म्हणजे 'हो, पण…' सगळी गंमत त्या 'पण'मध्ये असते." बोलता बोलता त्याची नजर तिच्यावर थांबली आणि तो एकदम पत्त्यांत काहीतरी शोधू लागला. "आणि रोज एक पत्ता ओढायचा. काळा आला तर संकट. लाल आला तर कुणीतरी भेटतं."

तिने पत्ता ओढला. बदामाची राणी.

"तू लावून ठेवला होतास."

"मी? देवाशपथ नाही," डानिलो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

शेवटच्या दुपारी मात्र तो गप्प गप्प होता. यास्नाने दोनदा विचारलं तेव्हा म्हणाला, "गेल्या वर्षी तू अर्ध्यातूनच खाली आलीस म्हणे."

तिचा हात पत्त्यांवर तसाच राहिला. "कोण म्हणालं?"

"दुकानात लोक बोलतात. यास्ना, भीती वाटली तर त्यात काही—"

"म्हणजे हे सगळं दया म्हणून चाललं होतं तर. औषध दिल्यासारखं. जेवणानंतर दोन फासे."

"नाही. म्हणजे… सुरुवातीला नाही. नंतर…" तो अडखळला. तोंड उघडलं, मिटलं. तिने वाट पाहिली. पुढे काहीतरी येईल, काहीही, म्हणून तिने खूप वाट पाहिली… आणि मग खुर्ची मागे सारून उठली. दारापाशी त्याने तिला गाठलं आणि फासे नि पत्ते तिच्या जाकिटाच्या खिशात कोंबले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

वाये ओंदोत बर्फ यंदा लवकर पडलं. सकाळ कशीही निघून जायची. छपरावरचं बर्फ ओढायचं, लाकडं फोडायची, हरणांच्या पायखुणा बघत उतारावरून एक फेरी मारायची. पण दुपार झाली की ती शांतता आत यायची. दार बंद असलं तरी यायची. गेल्या वर्षी याच शांततेत ती लोखंडी चुलीशी बोलायला लागली होती. बोलण्यात काही वावगं नव्हतं… पण पुढे पुढे चूल उत्तरं द्यायला लागली, आणि मग तिला तिथे राहवलं नव्हतं.

फासे खिशातच होते. तिने त्यांना हात लावला नाही. 'काय गं, ओली आहेत का लाकडं?' असं एक दिवस तिच्या तोंडून निघून गेलं, आणि चुलीकडे बघता बघता तिच्या अंगावर काटा आला.

तिने धावत जाऊन रेडिओ लावला. दुपारी कोयाइकेच्या केंद्रावरून निरोप वाचून दाखवत. खोऱ्याखोऱ्यांतून राहणाऱ्यांना ना फोन ना टपाल. कुणाला काही कळवायचं तर निवेदकाला चिठ्ठी नेऊन द्यायची, आणि सगळा मुलूख ते ऐकायचा. निवेदकाचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. "लास अराइयानेसचे सेगुंदो यांस, मेहुणा शुक्रवारी पीठ घेऊन येतो आहे, नदीवर घोडा पाठवावा. … वाये ओंदोच्या चौकीतील यास्ना ओयार्सून यांस. शेळी अजून पलीकडेच आहे. शेळीवाल्याचा मूर्खपणा माफ करावा. नावाडीण तळ्यावर पोहोचली का? डानिलो."

यास्ना चुलीपाशी खाली बसली. मग तिने खिशात हात घातला.

त्या दिवसापासून ती खेळू लागली. नावाडिणीला नाव मिळालं, साबिना. तिला होडी मिळाली, ती गळकी निघाली. मोठ्याने बोलायची वेळ आली की यास्ना साबिनाच्या आवाजात बोलायची, आणि उत्तर कुणाचं येणार हे तिचं तिला माहीत असायचं. शांतता दाराशी यायची, पण आत काहीतरी चालू असल्यासारखी तिथेच थबकायची.

दर शुक्रवारी निरोप यायचा. "यास्ना ओयार्सून यांस. दुकानात खोकल्याचं औषध संपलं. वाचनालयातल्या खुर्चीवर आता एक म्हातारे गृहस्थ बसतात, ते घोरतात. डानिलो." कधी नुसतंच, "हो, पण… डानिलो."

हवा जरा उघडली तेव्हा खालच्या कुरणातल्या दोन्या उबेर्लिंदा, म्हणजे उबेर्लिंदाबाई, घोड्यावरून मटण नि पाव घेऊन वर आल्या. गेल्या वर्षी वादळातून पळालेली यास्ना त्यांच्याच दारात येऊन पडली होती. चुलीशी बसून येर्बाचा कडू काढा नळीने ओढत त्यांनी विचारलं, "त्या शेळीचं काय झालं गं?"

"कुठल्या शेळीचं?"

"आता मलाच विचार. सगळं खोरं जेवणं थांबवून ऐकतंय. आमचे हे म्हणतात, पोरगा वेडा आहे. मी म्हटलं, वेडा नाही, त्याच्या अलीकडचा आहे. माझा भाचा गावात जातोय, काही सांगायचं असेल तर चिठ्ठी दे."

यास्नाने चुलीत लाकूड सरकवलं. रेडिओवर काय सांगणार? सगळ्यांदेखत? आणि तो त्या दिवशी अडखळला होता, ते अजून सलत होतं. "काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही," दोन्या उबेर्लिंदांनी मान हलवली. "बरं. हेच सांगते."

त्या शुक्रवारी निरोप आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. निवेदक मेंढ्या, पीठ, बारसं, सगळं वाचायचा. तिचं नाव नसायचं. मग वादळ आलं. भर दुपारी खिडकी पांढरी झाली आणि छप्पर कण्हायला लागलं. 'काही नाही' म्हटलं ना आपण… ऐकलं असेल त्याने. थांबला असेल. कशाला थांबू नये?

"यास्ना," मागून कुणीतरी म्हणाल्यासारखं झालं. मागे फक्त चूल होती.

आपण एक बूट घातला आहे आणि हात कडीवर आहे, हे तिला मग कळलं. तासाभराची वाट, गेल्या वर्षी जमली होती… नशिबाने जमली होती. ती तशीच दाराला पाठ लावून खाली बसली. खिशातून फासा काढला. साबिना गोठलेल्या तळ्याच्या काठावर उभी होती. बर्फ पेलेल का? असा प्रश्न होता. तिने फासा मुठीत हलवला, हलवला… आणि टाकलाच नाही. एवढी वर्षं होडी हाकणाऱ्या बाईला हे फाशाला कशाला विचारावं लागतंय? साबिनाने होडी काठावर उलटी केली आणि वादळ सरेपर्यंत तिच्याखाली बसून राहिली.

यास्नाने बूट काढला. चुलीत दोन लाकडं घातली. चुलीशी ती एक शब्दही बोलली नाही.

वादळ सरलं त्या सकाळी दोन्या उबेर्लिंदांचा घोडा पोटापर्यंतच्या बर्फातून वर येताना दिसला. त्या उतरल्याही नाहीत.

"तो तुझा फासेवाला माझ्या स्वयंपाकघरात पडलाय. पाय मोडून."

यास्नाच्या हातातलं फावडं गळून पडलं. "म्हणजे… जिवंत—"

"माझा पाव संपवतोय, म्हणजे असावा. औषधं विकणारा माणूस, जन्मात घोड्यावर बसलेला नाही, आणि वादळाच्या तोंडावर वर यायला निघाला. घोडा एकटाच आला आमच्या दारात. यांनी जाऊन झाडाखालून शोधून आणला. चल, बस मागे."

गेल्या वर्षी याच उतारावरून ती रडत धावली होती. आज चौकीला कडी घालून, बर्फात चालायची फळकी पाठीला बांधून ती घोड्यावर बसली. परत यायचं होतं.

डानिलो चुलीजवळच्या बाकावर होता, पाय उशीवर, दाढी वाढलेली. तिला बघून तो उठायला गेला आणि कळवळून खाली बसला.

"कशाला आलास?" यास्नाचा आवाज वाटला होता त्यापेक्षा कठोर निघाला.

"त्या दिवशी मी गप्प बसलो. तुझं 'काही नाही' कळलं, तेव्हा वाटलं, त्याचं उत्तर रेडिओवर देण्यासारखं नाही."

"इथे देण्यासारखं आहे?"

त्याने दोन्या उबेर्लिंदांकडे पाहिलं. त्या पाठ करून कणीक मळत होत्या. "माझं स्वयंपाकघर आहे," त्या म्हणाल्या. "बोला तुम्ही. मला कमी ऐकू येतं."

डानिलो तिच्याकडे वळला. "दया नव्हती, यास्ना. तुझं गेल्या वर्षीचं कळलं, तेव्हा पहिलं काय मनात आलं माहितेय? की यंदाही तू अर्ध्यातून खाली आलीस तर… तर बरं होईल. मला. मग रोज वाटायचं, खेळ नीट शिकवूच नये. काहीतरी राखून ठेवावं. हे तुझ्या तोंडावर कसं सांगणार होतो?"

कणीक मळणारे हात थांबले होते.

"पण शिकवलास तर नीट," यास्ना सावकाश म्हणाली.

"हो. तू समोर बसलीस की वाईट शिकवताच येईना."

ती बाकाच्या टोकाला बसली. "मी यंदा खाली येणार नाही, डानिलो. बर्फ वितळेपर्यंत वरच राहणार. येतं मला आता एकटीला राहायला."

"कळलं," तो म्हणाला, आणि उशीचा कोपरा सरळ करू लागला.

"काही कळलेलं नाही तुला." तिने त्याचा हात उशीवरून उचलला. "गेल्या वर्षी चौकीच्या दारात कुणीही उभं राहिलं असतं, तरी मी त्याच्या गळ्यात पडले असते. आता कुणी नसलं तरी माझं चालतं. म्हणून तर सांगू शकते… की तू हवा आहेस."

डानिलोने तिचा तो हात दोन्ही हातांत धरला, इतका घट्ट, की पायाचं दुखणं विसरला असावा.

"बर्फ गेलं की मी येते," ती म्हणाली. "एका टेबलावर बसू. दोघं."

"दोघांचा खेळ मला धड येत नाही."

"मलाही नाही. शिकू की."

"पोरी," दोन्या उबेर्लिंदा भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "वर जायचं असेल तर नीघ. उजेड जातोय."

यास्ना वाकली. त्याच्या वाढलेल्या दाढीवर तिचे ओठ टेकले, मग ओठांवर. बाहेर येऊन तिने फळकी पायांना बांधली. चढ लागला तशी ती गाणं म्हणू लागली, बेसूर आणि अगदी मोठ्याने, कारण ऐकायला कुणीच नव्हतं.