दुसरं उत्तर

संयोगिताला कुणी म्हणालं की अमुक गोष्टीत डोकं घालू नकोस, तर तिचं डोकं आधी तिकडेच जाणार. कोल्हापुरात बसून लोकांची बिघडलेली सॉफ्टवेअरं दुरुस्त करायची, हा तिचा धंदा. त्या दिवशी दुपारी ती पेठ वडगावच्या पुढं, नदीकाठच्या एका पाणीपुरवठा संस्थेच्या पंपघरात आली तीही असल्याच साध्या कामाला. शेतकऱ्यानं मोबाईलवरून मोटर मागितली की ती कधी लगेच सुरू व्हायची, तर कधी तास तासभर ढिम्म. ऊस माना टाकायला लागला होता आणि गाव संस्थेला शिव्या घालत होतं.

कोड जुना, कॉलबॅकवाला. म्हणजे कसं, एकाला काम सांगायचं आणि बजावायचं, झालं की मला हाक मार. त्यानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. हाकेच्या पोटात हाक, आणि कोण कुणासाठी खोळंबलंय याचा पत्ता नाही. संयोगिता ते सगळं उलगडून प्रॉमिसवर आणत होती. प्रत्येक कामानं आधी शब्द द्यायचा, तो पाळला जाईपर्यंत थांबायचं, मगच खालच्या ओळीवर जायचं.

निम्मं उलगडल्यावर ती अडली.

"चाचा, मोटर सुरू करायच्या आधी हा कोड दोन उत्तरं मागतोय. पंपाखालच्या विहिरीत कुणी नाही, असं दोन बटणांवरून कळायला पाहिजे. तुमच्याकडं तर एकच बटण आहे."

पंप सांभाळणारे नबीलाल चाचा चहा ओतता ओतता थांबले. "दुसरं खाली हुतं. गाळ काढून शेवटचा माणूस वर येताना दाबायचा. गाळ काढणाऱ्या म्हाताऱ्या आकारामनं भांडून बसवून घेतलेलं."

"मग ते काढलं कशाला?"

"तोच आत असताना कुणीतरी हातानं स्टार्टर मारला." चाचांनी किटली खाली ठेवली. "त्यो गेला. मग बटणाची वायर बी तोडली."

आता आली का पंचाईत! बटण नाही, तर दुसरं उत्तर येतंय कुठून? आणि ते आल्याशिवाय मोटर सुरूच होणार नाही, कोड तर साफ सांगत होता. संयोगिता वायरीच्या मागं मागं विहिरीच्या तोंडापर्यंत गेली. तिथं वायरीचं तुटकं टोक लोंबत होतं, चिकटपट्टी गुंडाळलेलं. खालून गार हवा आणि कुजक्या शेवाळाचा वास आला. तिच्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोला. पण भीतीपेक्षा हौस मोठी.

"कशाला नस्ती उठाठेव? ती दुसरी ओळ पुसून टाका की ताई."

"एकदा बघू तर द्या, कोण उत्तर देतंय ते."

तिनं दोन्ही उत्तरांसाठी थांबणाऱ्या ओळी लिहिल्या आणि मोटर मागितली. चाचा रिवाजाप्रमाणं विहिरीवर जाऊन आले. आत उतरणारा माणूस चपला तोंडाशी काढून ठेवतो, चपला दिसल्या की आत माणूस, ही तिथली रीत. चपला नव्हत्या. चाचांनी आत तोंड घालून हाकही मारली, नुसता घुमारा परत आला.

"धैर्यशील अण्णा सकाळधरनं गाळ काढत हुतं. गेलं वाटतं घरला," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

लॅपटॉपवर अक्षरं आली. *पहिलं उत्तर: आत कुणी नाही.*

आणि तिथंच सगळं थांबलं.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला. बाहेर नदीवर एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली. चहावर साय धरली.

"आता तुमचं नवीन बी अडलं," चाचा हळूच म्हणाले. "पुसा ती ओळ… पाणी चढवायचंय."

संयोगितानं डिलीटवर बोट ठेवलंही. पण बोट काही दाबलं जाईना. "थांबा," ती कुजबुजली, "कुणीतरी… अजून हो म्हटलेलं नाही."

चाचांनी कपाळावरचा घाम पुसला. बऱ्याच वेळानं लॅपटॉप टिंग वाजला. *दुसरं उत्तर: आत कुणी नाही.* मोटर घरघरत सुरू झाली आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला.

तेवढ्यात दारात धैर्यशील अण्णा येऊन उभे राहिले. कमरेपर्यंत गाळ, ओठ पांढरे. पायात संस्थेनं नवे दिलेले गमबूट. चपला आज घरीच राहिल्या होत्या.

चाचा मटकन खाली बसले. "या अल्ला. तुम्ही आत हुता?"

"विहिरीच्या तळाला, नदीकडच्या बोगद्यात. हाक न्हाय आली ऐकू." अण्णांना धाप लागली होती. "त्या म्हाताऱ्यानं पाठीवर थाप मारली म्हणून निघालो. म्हणाला, पावणं, तुम्ही जावा वर… मला उत्तर द्यायचं हाय."

"कोण म्हातारा?"

"मला काय ठावं, तुमचाच माणूस आसंल. खालीच हाय की अजून. मोटर का चालू केलीसा?"

संयोगिता धावली आणि तिनं स्टार्टर बंद केला. तिघंही विहिरीच्या तोंडाशी गेले. तिथं आता चपलांचा एक जोड होता. जुना, एका अंगठ्याला तार बांधलेला, आणि टोकं विहिरीकडं. चाचांनी तो लगेच ओळखला. त्यांचे डोळे भरून आले.

ते वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आकाराम… हाईस का रं आत?"

विहिरीतून काहीच आलं नाही. मागं पंपघरात लॅपटॉप टिंग वाजला. संयोगिता मागं फिरली आणि तिनं दारातूनच वाचलं.

*दुसरं उत्तर: आत कुणी नाही.*