अंगाईच्या मापानं

पाहुणे चहाला यायचे होते, म्हणून गनर मॉरिस त्या शनिवारी दुपारी स्वतःच धक्क्यावर जाऊन ताजा मासा घेऊन आले. अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या खाडीवर सकाळपासून धुकं उतरलं होतं. इतकं दाट, की शेजारच्या टिबेट्सबाईंना आपल्या खिडकीतून मॉरिससाहेबांच्या दाराशी कोण येतं-जातं ते दिसेना, आणि त्या बिचाऱ्या सारख्या काहीतरी उसनं मागायला येत होत्या.

"अंजिरं घेऊन जहाज लागलंय म्हणे," मासा निरखत त्या म्हणाल्या. "तुमच्याच मुलखातले खलाशी. भेटलात की नाही?"

"माझा मुलूख हाच, टिबेट्सबाई."

"हो, हो. मी आपलं म्हटलं."

साहेबांना ते लागलं. कारण धक्क्यावर त्या खलाशांचं बोलणं कानी पडताच ते टोपी कपाळावर ओढून दुसऱ्या वाटेनं निघून आले होते.

त्यांची कहाणी साऱ्या गावाला पाठ होती, म्हणजे ते सांगत ती. तुर्कांनी ग्रीकांच्या खिओस बेटावर कत्तल केली, तेव्हा हा पोर होडीतून निसटला. अमेरिकेच्या लढाऊ जहाजानं त्याला उचललं आणि पांतेली मावरोसचा पॅटन मॉरिस झाला. तोफेच्या दारूच्या पिशव्या वाहता वाहता आरमारात तोफांचा अधिकारी होऊन बसला. एवढं खरं. पण वडील सरदार होते, आई तलवार घेऊन लढता लढता पडली, हे त्यांनी मागाहून जोडलेलं. आई अनवाणी पायांनी झाडांचा डिंक गोळा करत हिंडणारी बाई होती. तिनं पोराला होडीत टाकलं तेव्हा तिच्यापुरती जागा उरली नव्हती. ती किनाऱ्यावरून हाका मारत राहिली, आणि आपल्याला परत उतरवतील या भीतीनं पोर शिडाखाली तोंड लपवून पडून राहिला. एकदाही त्यानं ओ दिली नाही. ही गोष्ट साहेबांनी आपल्या बायकोलाही, ती होती तोवर, सांगितली नव्हती.

आईचं एकच काय ते त्यांनी जपलं होतं. तोफांची सलामी देताना एक तोफ उडाल्यापासून दुसरी उडेपर्यंतचं अंतर प्रत्येक गनर काही ना काही पुटपुटून मोजतो. कुणी शिव्यांची ओळ म्हणतं, कुणी प्रार्थना. मॉरिससाहेब आईची अंगाई म्हणत, मनातल्या मनात. ओळ संपली की हात खाली, आणि तोफ. त्यांच्यासारखी रेखीव सलामी कुणाची होत नसे.

चहाला होणारे व्याही आले होते. कॅप्टन हार्टवेल आणि त्यांची बायको. त्यांच्या मुलाशी लिडियाचं, साहेबांच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरत होतं.

"ती तलवारीची गोष्ट मी माझ्या बहिणीला सांगितली," हार्टवेलबाई म्हणाल्या. "रडली हो ती. म्हणाली, असं घराणं मिळायला भाग्य लागतं."

साहेबांनी माशाची थाळी त्यांच्यापुढे सरकवली. तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाजलं.

दार उघडताच आधी वास आला... उन्हात तापलेल्या डिंकाचा. या थंड गावात तो वास येण्याचं काही कारण नव्हतं. पायरीवर एक बाई उभी होती. काळे कपडे अंगाला चिकटलेले, पाय अनवाणी. वयानं लिडियाएवढीच. होडी सुटली त्या दिवशी आई होती तेवढीच.

"पांतेली," ती म्हणाली. तिच्या भाषेत. "दमले रे. आत घे."

साहेबांचा हात दारावरच राहिला. मागे हार्टवेलबाईंच्या रेशमी घेराची सळसळ झाली.

"कोण आहे हो?"

"भिकारीण दिसते," साहेब म्हणाले. "काय बोलते कोण जाणे. मला नाही येत ती भाषा."



"नाही येत?" तिनं हळूच विचारलं. त्याच भाषेत.

साहेबांनी मान हलवली. नाही म्हणून. प्रश्न कळला म्हणूनच आपण उत्तर दिलं, हे त्यांना मान हलवल्यावर कळलं. तिला तर लगेच कळलं. तिनं आपल्याच हातानं दार ओढून घेतलं.

"बाबा, रडत होती ती," मागून लिडिया म्हणाली.

"दारोदार फिरणाऱ्या बायका अशाच असतात. चहा ओत तू."

दोन दिवसांनी गोदीत आरमाराचे बडे अधिकारी, कमोडोर, यायचे होते. धुकं तसंच होतं. पहाटे साहेब अंजिरांच्या जहाजाजवळून गेले, तर खलाशांचं बोलणं त्यांना समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटासारखं वाटलं. एकही शब्द कळेना. लांबून ऐकलं म्हणून असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं.

साहेबांच्या लढाऊ जहाजाच्या डेकवर पाहुण्यांमध्ये हार्टवेल मंडळी होती, लिडिया होती. कमोडोरांची होडी धुक्यातून पुढे आली. साहेबांनी हात खाली केला. पहिली तोफ उडाली.

त्यांनी अंगाई म्हणायला घेतली, आणि तिथे काहीच नव्हतं. शब्द नाही, चाल नाही. धूर विरत चालला, तोफांवरचे गोलंदाज वळून बघू लागले, कॅप्टन हार्टवेलांनी कपाळाला आठी घातली.

मग कुठून तरी गाणं सुरू झालं. हलकं, बाईच्या आवाजातलं. साहेबांना त्यातलं अक्षरही कळेना, पण ओळ कुठे संपते ते हाताला कळत होतं. ओळ संपली, हात खाली, तोफ. पुन्हा ओळ, पुन्हा तोफ. सलामी सुरेख चालली. शेवटची तोफ झाली.

गाणं मात्र थांबलं नाही.

"साहेब..." शेजारी उभा असलेला गोलंदाज सायलस कुजबुजला. "पुरे करा आता. पाहुणे ऐकतायत."

साहेबांनी ओठांशी हात नेला. ओठ हलत होते. गाणं त्यांच्याच तोंडातून येत होतं. त्यांनी दोन्ही तळव्यांनी तोंड दाबून धरलं, तर ते दातांआडून, दबकं, येतच राहिलं. मग गाण्याचं बोलणं झालं. एक बाई काहीतरी सांगत होती, सावकाश, समजावून सांगावं तसं.

लिडिया पुढे आली. वडिलांच्या तोंडाकडे कान देऊन तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच तिचा चेहरा पडला, होडीतल्या त्या पोराची गोष्ट कानी आल्यासारखा. मग तिनं त्याच भाषेत थोडकं उत्तर दिलं, आणि आवाज बंद झाला.

ती भाषा साहेबांच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"काय म्हणाली ती?" साहेबांनी विचारलं. आता आवाज त्यांचा स्वतःचा होता. "लिडिया... काय म्हणाली?"

"तुम्हाला खरंच नाही कळलं, बाबा?"

त्यांनी मान हलवली.

लिडियाचं लग्न झालं. ती दर रविवारी येई, त्यांच्या पायांवर घोंगडी नीट करी, पाव कापून ताटात ठेवी. ते दर रविवारी विचारत, काय म्हणाली ती. ती खिडकीकडे बघे, मान खाली घाली, आणि त्यांच्याऐवजी तीच लाजेनं लाल होई.